शेवटच्या हातावर निळे नाही

नवे नियम एप्रिलच्या पहिल्या तारखेला लागू झाले, आणि मगदूम यंत्रशाळेत ते पोहोचले ते करड्या रंगाच्या दोन पट्ट्यांच्या रूपाने. एक पट्टा शिकणाऱ्याच्या कोपराखाली बांधायचा, दुसरा शिकवणाऱ्याच्या. पद्मावती मगदूम यांनी खोके उघडले, सोबतचे बारा पानी परिपत्रक चष्मा पुसून दोनदा वाचले आणि पट्ट्यांवरच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर आपल्या ठसठशीत अक्षरात नावे घातली. एकावर ‘अल्फिया शिकलगार, शिकाऊ’. दुसऱ्यावर ‘पद्मावती मगदूम, उस्ताद’.

“आक्का, हे घड्याळ हाय व्हय?” लाकडी पेट्या ठोकणाऱ्या केरबा सुताराने विचारले.

“घड्याळच आहे. फक्त वेळेऐवजी अक्कल दाखवतं.”

“मग मला नगं. माझी हाय तेवढी कुणाला दिसाय नगं.”

अल्फिया हसली. पद्मावती हसल्या नाहीत, पण त्यांनी केरबाला कामाला लागण्यास सांगितले नाही, यावरून त्यांना विनोद आवडला असावा असे दोघांनी धरले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एके काळी अशा शाळा गल्लोगल्ली होत्या. २०४१ सालापर्यंत त्यांपैकी ही एकच उरली होती. बाकीच्या कारखान्यांत माणसे आता दिवे लावायला आणि मालवायला तेवढी लागत. परंतु यंत्राला सपाटपणा म्हणजे काय हे उपजत ठाऊक नसते. ते त्याला दाखवावे लागते, आणि दाखवण्यासाठी एक निर्दोष प्लेट लागते. ती प्लेट मगदूमांकडे तयार होई. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड तुकडा यंत्रावर घासून जितका सपाट होईल तितका करायचा, आणि उरलेला केसाच्या विसाव्या भागाएवढा उंचसखलपणा हाताने खरवडून काढायचा. त्यासाठी आधीच अचूक ठरलेल्या प्रमाण प्लेटवर रोलरने निळ्या शाईचा अगदी पातळ थर देत आणि नवी प्लेट तिच्यावर हलकेच फिरवत. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका उमटे. तो ठिपका स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचे, पुन्हा निळे लावायचे, पुन्हा खरवडायचे. दिवसागणिक ठिपके बारीक आणि दाट होत जातात. इंचभर चौकोनात पंचवीस ठिपके सारखे उमटले की प्लेट झाली. यंत्रमानव वीस ठिपक्यांपर्यंत येत. पुढचे पाच अजून माणसाच्या हातालाच येत होते.

या कामात मगदूमांच्या घरची एक रीत होती. शिकाऊने प्लेट पुरी केली की संध्याकाळी पाच वाजता उस्ताद तिच्यावर शेवटचा हात फिरवी, पंधरा-वीस मिनिटांचा. आणि त्या शेवटच्या हातावर निळे लावायचे नाही. उस्तादाचा हात तपासायचा नसतो, असे पद्मावतींचे वडील सांगत. प्लेटीला ग्रीस चोपडायचे, फडक्याने झाकायचे, आणि सकाळी नऊ वाजता केरबाने पेटी ठोकायची. वडिलांनी ही रीत चाळीस वर्षे पाळली, पद्मावतींनी त्यांच्यामागे चौतीस वर्षे. या चौऱ्याहत्तर वर्षांत एकच प्लेट परत आली होती, गेल्या वर्षी, राजकोटहून. वाहतुकीत आपटली असणार, असे पद्मावतींनी सांगितले आणि तो विषय तिथेच संपला.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट दोन वर्षांपासून बधिर होते. चिमटा काढला तर तो दुसऱ्या कोणाच्या हाताला काढला आहे असे वाटे. डॉक्टरांनी कोपरापाशी दबलेल्या नसेचे नाव कागदावर लिहून दिले होते. तो कागद त्यांनी कपाटात ठेवला आणि कोणाला दाखवला नाही. बधिरपणा बोटांवरून हळूहळू वर चढत असावा, असे मात्र त्यांना अधूनमधून वाटे. गेल्या श्रावणात धाकटा भाऊ गेला, तेव्हा त्या पंचगंगेच्या घाटावर उभ्या होत्या आणि आपल्याला रडू केव्हा येईल याची वाट पाहत होत्या. ते आले नाही. त्या दुसऱ्या दिवशी साडेआठला शाळेत हजर झाल्या.

अल्फिया मुळात शिवणकामाच्या कारखान्यातली. तो बंद पडल्यावर वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती इथे शिकाऊ म्हणून आली. तिचे वडील सायकलवर चाक बांधून दारोदार कात्र्या-सुऱ्यांना धार लावत. धारेची समज तिच्यात रक्तातूनच आली आहे, असे पद्मावती लोकांना सांगत. तिच्या तोंडावर मात्र कधी बोलल्या नाहीत. तोंडावर कौतुक केले की हात सैल पडतो, हीही वडिलांचीच शिकवण.

जुन्या नियमांत सगळे सोपे होते. शिकाऊला तीन वर्षे सरकारी निधीतून विद्यावेतन मिळे, शिकवणाऱ्या शाळेला अनुदान मिळे, आणि तीन वर्षांनी उस्ताद प्रमाणपत्र देई. मुलगा शिकला की नुसता बसून राहिला, हे कोणी विचारत नसे. पुष्कळजण बसूनच राहत. म्हणून पट्टा आला.

पट्ट्याचे शास्त्र परिपत्रकात नीट मांडलेले होते. स्नायू आखडतो तेव्हा त्यात विजेची सूक्ष्म लहर उठते, आणि ती कातडीवरून टिपता येते. नवशिका माणूस हातोडी धरतो, सुई धरतो किंवा स्क्रेपर धरतो, तेव्हा त्याचे पुढे ओढणारे आणि मागे ओढणारे असे दोन्ही स्नायू एकाच वेळी ताठतात. तो स्वतःशीच रस्सीखेच करत असतो. म्हणून तो लवकर दमतो, आणि त्याचा प्रत्येक फटका निराळा पडतो. जसजसा तो शिकतो, तसतसे नको असलेले स्नायू गप्प बसू लागतात. शिकणे म्हणजे शरीराच्या दृष्टीने बहुतांशी हे गप्प बसणेच. पट्टा ते मोजतो आणि त्याचा आलेख काढतो. आलेख चढता असेल तोवर निधी शिकाऊलाही पैसे देणार आणि शाळेलाही. तो खालीच अडला, तर उस्तादाच्या विनंतीवरून एक वर्षाची मुदतवाढ, आणि तीही आयुष्यात एकदाच. त्यानंतरही हलला नाही, तर त्या माणसाला त्या कामासाठी पुन्हा कधीही, कुठेही निधी नाही. आलेख माथ्याला पोहोचला, तर शिक्षण पूर्ण. मालकाने त्याला कारागिराचा पगार द्यावा किंवा मोकळे करावे. आणि शेवटचे कलम असे की ज्या शाळेतल्या उस्तादाचा आलेख शिकाऊपेक्षा खाली असेल, त्या शाळेची मान्यता संपली.

हे कलम पद्मावतींनी वाचले आणि पान उलटले. ते इतरांसाठी लिहिलेले होते.

पट्टे चार आठवडे न काढता बांधायचे होते. आंघोळ करतानाही, झोपतानाही.

“आक्का, खाजतंय की वो.”

“मलाही खाजतं. मी बोलते का?”

“तुम्ही बोलत न्हाईसा म्हणून तर मी बोलत्ये. दोघींचं एकदम सांगून टाकत्ये.”

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी निधी कार्यालयाचा अधिकारी आला. अद्वैत टोणपे नावाचा तिशीतला, गोरटेला, आदबशीर तरुण. त्याने चपला बाहेर काढल्या. शाळेत त्याची गरज नव्हती, पण पद्मावतींना ते बरे वाटले.

“मॅडम, एक छोटी दुरुस्ती करावी लागेल,” टॅबलेट बाकावर ठेवत तो म्हणाला.

“इथं आक्का म्हणतात.”

“आक्का, पट्टे अदलाबदल झालेत.” त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. “हा शिकाऊच्या नावावरचा आलेख. असा हात मी या जिल्ह्यात अजून पाहिलेला नाही. मागे ओढणारा स्नायू जवळजवळ गप्प, हजार फटक्यांत दाब तसूभर बदलत नाही. हा आयुष्यभर खरवडत आलेला हात आहे. आणि हा तुमच्या नावावरचा. करंगळीकडचे स्नायू भरकटलेले, सगळा जोर अंगठ्याकडे, प्रत्येक फटका वेगळा. हे सहा महिन्यांच्या नवशिक्याचं चित्र झालं. नावं उलटी पडलीत, दुसरं काही नाही. होतं असं.”

पद्मावती पडद्याकडे पाहत राहिल्या. दोन रेघा होत्या. एक वर, तलावासारखी स्थिर. एक खाली, दातेरी.

“एक विचारू का?” टोणपे कौतुकाने म्हणाला. “तुम्ही सकाळी सव्वासातला येऊन तासभर काम करता, हे यात दिसतं. ह्या वयात.”

“रोज?”

“रोज नाही. मंगळवार, शुक्रवार, एखादा बुधवार.”

पद्मावती साडेआठला येत. सोमवारी आणि गुरुवारी प्लेटा पुऱ्या होत, कधीमधी मंगळवारी. त्या संध्याकाळी त्या शेवटचा हात फिरवत. हिशेब त्यांच्या मनात आपोआप जुळला, आणि जुळताना त्यांना काहीही झाले नाही. एखाद्या परक्या कारखान्याची अडचण ऐकावी तसे त्यांनी ते ऐकून घेतले. शाळेची दुसरी किल्ली केरबाकडे असे. केरबा खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हते.

“माझ्याकडनंच झालं सायेब,” अल्फिया एकदम म्हणाली. “बांधताना आमचं पट्टं बदललं. आक्कांची काय चूक न्हाई.”

“मग सोपं आहे,” टोणपे म्हणाला. “आक्कांनी इथं सही करायची. मी नावं फिरवतो. शिकाऊचा आलेख खाली अडलेला आहे, तर वर्षाची मुदतवाढ मागू. तुमची मान्यता चालू राहील. पुढच्या मोजणीला मात्र पट्टे नीट बघून बांधा.”

“बघून बांधू,” अल्फिया म्हणाली.

ती काय करणार हे पद्मावतींना कळले. पुढच्या मोजणीला ती मुद्दाम आक्कांचा पट्टा बांधील आणि आपला आक्कांना देईल. त्याच्या पुढच्या वेळीही. वर्षभराने ती खालची दातेरी रेघ तिच्या नावावर कायमची बसेल, आणि तिसाव्या वर्षी सरकारदप्तरी ती या कामाला नालायक ठरेल. हे सगळे तिला ठाऊक होते. परिपत्रक तिनेही वाचले होते.

“टोणपे,” पद्मावती म्हणाल्या, “कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो. केरबा तुम्हाला दाखवील.”

“मी चहा घेऊनच—”

“पुन्हा घ्या.”

दोघे बाहेर गेले. बाकावर अल्फियाने सकाळी पुरी केलेली प्लेट होती. पद्मावतींनी स्क्रेपर उचलला, प्लेटीच्या मधोमध खडूची रेघ ओढली आणि उजव्या अर्ध्यावर शेवटचा हात फिरवायला घेतला. नेहमीसारखाच. खांदा सैल, कंबरेतून जोर, फटका आखूड. त्यांना तो अचूक वाटला. पंधरा मिनिटांनी त्यांनी स्क्रेपर खाली ठेवला.

“निळं लाव.”

“आक्का, शेवटच्या हातावर—”

“लाव म्हणते ना.”

अल्फियाने प्रमाण प्लेटवर रोलर फिरवला. दोघींनी मिळून प्लेट उचलली, उलटी ठेवली, हलकेच फिरवली आणि पुन्हा उताणी केली. खडूच्या रेघेच्या डावीकडे निळे ठिपके मोहरी विखुरल्यासारखे सारखे उमटले होते. उजवीकडे काठाला निळा चिखल साचला होता, आणि मध्ये हातभर जागा कोरी, चकाकती. तिथे काहीच टेकले नव्हते.

पद्मावती त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. वडील शिकवत ते त्यांना आठवले: दोनच प्लेटा एकमेकींवर घासू नयेत. एक पोटाशी खोल जाते, दुसरी पोटाशी फुगते, दोघी एकमेकींत चपखल बसतात आणि दोघींना आपण सपाट आहोत असे वाटते. म्हणून प्लेटा नेहमी तीन लागतात. ते बिडाबद्दल बोलत असत.

“कधीपासून?” त्यांनी विचारले.

“आक्का, जाऊ द्या की.”

“तारीख विचारली मी.”

अल्फिया फडक्याने हात पुसत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. “राजकोटची प्लेट परत आली हुती बघा. तुम्ही म्हणलासा वाटंत आपटली.”

“मग?”

“आपटली नव्हती. तुम्ही जेवाय गेल्यावर मी निळं लावून बघितलं. असंच हुतं.” तिने प्लेटीकडे मान हलवली. “दुसऱ्या दिवसापास्नं लवकर येऊन, पेटी ठोकायच्या आधी नीट कराय लागले. मार्चची एकोणीस. माझ्या भाचीचा वाढदिवस असतो, म्हणून ध्यानात हाय.”

“एक वर्ष आणि दीड महिना. मला सांगावंसं वाटलं नाही?”

“काय सांगू? तुमच्या हातावर मी निळं लावलं म्हणून सांगू? त्याच पावली हाकलली असतीसा.”

“हाकलली असती,” पद्मावती म्हणाल्या. ते खरे होते, आणि खरे बोलण्याची त्यांना सवय होती. “केरबाला ठाऊक होतं.”

“किल्ली त्यांच्याकडं. त्यांनी एवढंच म्हणलं, आक्कांना कळलं तर माझं नाव घेऊ नगंस.”

बाहेर केरबाचा आवाज आला. तो टोणपेला उद्यमनगरातल्या बंद शटरांचा इतिहास सांगत होता आणि मुद्दाम मोठ्याने सांगत होता. पद्मावतींनी प्लेटीवर फडके टाकले नाही. टोणपे आत आला, त्याची नजर निळ्याकडे गेली, मग पडद्यावरच्या दोन रेघांकडे, मग पुन्हा निळ्याकडे. हुशार मुलगा होता.

“पट्टे बदललेले नाहीत,” पद्मावती म्हणाल्या. “नावं मी घातली आणि मीच बांधले. ही मुलगी खोटं बोलते आहे, आणि तेही तिला नीट जमत नाही. शिक्षण पूर्ण झाल्याचा कागद काढा.”

टोणपेने तो काढला. त्यात नाव, काम, शाळा सगळे आधीच भरलेले होते. एक जागा रिकामी होती, पूर्णत्वाच्या तारखेची; ती उस्तादाने भरायची होती.

“आजची घालू या,” तो हळू आवाजात म्हणाला. “तसं केलं तर तुम्ही शिकाऊ घडवून निवृत्त झालात, अशी नोंद होईल. उस्तादांच्या यादीत तुमचं नाव सन्मानानं राहील. शाळेची मान्यता मात्र संपेल. नवा शिकाऊ घ्यायला उस्ताद हवा, आणि उस्ताद व्हायला पूर्णत्वानंतर एक वर्षाचा अनुभव हवा. तोवर थांबता येत नाही, नियम तसा आहे.”

“आणि मागच्या वर्षीची, मार्चची एकोणीस घातली तर?”

“तर ह्यांचं वर्ष भरलेलं आहे. आजपासून त्या उस्ताद म्हणून लागू शकतात, मान्यता चालू राहील. पण त्या तारखेपासून तुम्ही उस्ताद नव्हता, असा त्याचा अर्थ होतो. यादीतून नाव निघेल. कारणही लिहावं लागतं, आणि ती यादी सगळ्यांना दिसते. आक्का, मला कोणी विचारणार नाही. आजची घाला.”

“आजचीच घाला आक्का,” अल्फिया म्हणाली. “शाळा ऱ्हाऊ दे. मला कुठंबी काम मिळंल.”

“गप बस. उस्तादांनी मध्ये बोलायचं नसतं.”

त्यांनी लेखणी घेतली. आता काहीतरी होईल, छातीत दाटेल, हात कापेल, असे त्यांना वाटले. त्या त्यासाठी थोड्या थांबल्यादेखील. बाहेर एक टेम्पो मागे घेत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली आणि बंद झाली. त्यांनी तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात ‘उजव्या हाताची दोन बोटे बधिर’ असे लिहिले, खाली सही केली आणि लेखणी टोणपेला परत दिली.

“अक्षर छान आहे तुमचं,” टोणपे म्हणाला. दुसरे काय बोलावे हे त्याला सुचले नसावे. जाताना तो त्यांच्या पाया पडला. पद्मावतींनी त्याला कागदाची एक प्रत उद्याच पाठवण्यास बजावले.

दुपारी तिघांनी आपापले डबे खाल्ले. केरबाने एकदा सांगण्याचा प्रयत्न केला, “आक्का, त्या किल्लीचं…”

“किल्ली तुझ्याचकडं ठेव. पगार मी अल्फियाचा वाढवलाय, तुझा नाही.”

“तसं न्हवं वो.”

“तसंच. जेव.”

अल्फियाने दुपारभर उजवा अर्धा भाग दुरुस्त केला. पद्मावती पलीकडच्या स्टुलावर बसून जुन्या मागणीपत्रांची चळत लावत होत्या. एरवी हे काम त्या कोणावर तरी सोपवत. पाच वाजले. केरबा पेटीची फळकुटे घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि सवयीने पद्मावतींकडे पाहू लागला. पद्मावतींनी अल्फियाकडे पाहिले.

अल्फियाने ओढणी कमरेला खोचली, स्क्रेपर उचलला आणि प्लेटीवर शेवटचा हात फिरवला. वीस मिनिटे शाळेत बिडावर पोलाद सरकल्याचा तेवढा आवाज होता. संपल्यावर तिने चुरा फुंकून टाकला, प्लेट पुसली. केरबा ग्रीसचा डबा घेऊन पुढे झाला.

“थांबा काका.” ती पद्मावतींकडे वळली. “आक्का, निळं लावा.”

केरबा जागच्या जागी थांबला. चौऱ्याहत्तर वर्षांत या शाळेत असे कोणी बोलले नव्हते.

“उस्तादाच्या हातावर?” पद्मावतींनी विचारले.

“व्हय. हितनं पुढं रोज लावायचं. माझ्याबी.”

पद्मावती उठल्या, रोलर घेतला आणि निळे लावू लागल्या.